दुकानाचा हिशेब क्लाउडवर ठेवायचाय, नेमका कसा ठेवावा? (खत-बियाणं दुकान + आडत, टॅली)

पूर्णाकाठचा

राम राम मंडळी. वर्षभर झालं इथं नुसतं वाचायलो, धागा पहिल्यांदाच काढायलो.

परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावाला आमचं कृषी सेवा केंद्र आहे अन् जोडीला मोंढ्यात (शेतमालाच्या बाजारात) आडतीचा गाळा. वडलांपासूनचा धंदा. विषय काढायचं कारण म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरातला पूर. माझा मावसभाऊ धाराशिवकडं सीनेच्या काठाला असतो, हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं, रात्रीतून पाणी काउंटरच्या वर गेलं. पाणी उतरल्यावर आम्ही शटर उघडायला गेलो तर शटर चिखलानं धरलेलं, पहारीनं उचकटलं. सीपीयू तिरपा केला तसं जाळीतून गढूळ पाणी पडायला लागलं ते थांबेचना. उधारीची जुनी वही माळ्यावर होती म्हणून वाचली अन् कॉम्प्युटरवर चढवलेलं तीन वर्षांचं सगळं गेलं. भावानं ती हार्ड डिस्क खोलून उन्हात वाळत ठेवली होती, मला तर काय बोलावं तेच कळेना.

तवापासून डोक्यात आहे की आपलं पण तसंच आहे. आमची टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) एकाच कॉम्प्युटरवर. मुनीमकाका दर शनिवारी पेनड्राईव्हवर कॉपी घेतात पण तो पेनड्राईव्ह कॉम्प्युटरच्याच बाजूला खिळ्याला टांगलेला. शेतकऱ्यांचे आधार, सातबारा, पासबुकाचे फोटो, काटापट्ट्या, कंपन्यांची बिलं हे सगळं मुनीमकाकाच्या पुतण्याच्या जीमेलच्या ड्राईव्हमध्ये, कारण सुरुवातीला त्यानंच करून दिलं होतं. पोरगा चांगलाय, पण तो आता पुण्याला नोकरीला गेला.

मला इतकंच विचारायचंय की हे सगळं गुगल ड्राईव्हला टाकलं की झालं का? का अजून काही करावं लागतं? एकजण म्हणला टॅलीचा फोल्डरच सरळ ड्राईव्हमध्ये ठेव, आपोआप बॅकअप होत राहतो.

खतावणी (लातूर)

भाऊ, शेवटचं जे लिहिलंय ते अजिबात करू नका. हात जोडून सांगते.

मी सीएच्या ऑफिसात चौदा वर्षं काम करते. आमच्या एका पार्टीनं हेच केलं होतं, टॅलीचा चालू डेटा फोल्डर क्लाउडच्या सिंकवाल्या (इकडं बदललं की तिकडं आपोआप बदलणाऱ्या) फोल्डरमध्ये नेऊन ठेवला, का तर मालकाला घरच्या लॅपटॉपवरनं पण बघायचं होतं. टॅली चालू असताना त्या फोल्डरातल्या फाईली एकसारख्या बदलत असतात, एक एन्ट्री मारली की एकदम कितीतरी फाईलींवर लिहिलं जातं. सिंकवालं सॉफ्टवेअर मधेच त्यातली एक उचलून वर चढवतं अन् दुसरी मागं राहते. त्यात दुकानात मुनीम एन्ट्री मारतोय अन् घरी मालकानं तीच कंपनी उघडली. मार्चच्या २८ तारखेला कंपनी उघडेनाच. फोल्डरात एकाच नावाच्या दोन-दोन फाईली, खरी कोणती ते कुणालाच सांगता येईना. आम्ही तिघींनी बसून बिलांवरनं सव्वा महिन्याच्या एन्ट्र्या परत मारल्या, रात्री अकरा-अकरा वाजायचे.

तर चालू डेटा जिथं आहे तिथंच राहू द्यायचा. टॅलीतूनच ऑल्ट वाय दाबून बॅकअप घ्यायचा, तो वेगळ्या फोल्डरात जातो, अन् तेवढा फोल्डर फक्त क्लाउडला जोडायचा. बॅकअप घेताना दुसरीकडं कंपनी उघडी नको. नावात तारीख घाला, म्हणजे कालचा कोणता अन् आजचा कोणता यात घोळ होत नाही.

अन् तुम्ही टॅलीव्हॉल्टचा (टॅलीतला डेटा कुलूपबंद करायचा) पासवर्ड लावला असंल तर तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. तो विसरला तर डेटा परत उघडून द्यायची सोय टॅलीवाल्यांकडं पण नाही.

मसाल्याची ताई (अंबाजोगाई)

खतावणीताईंनी मोठं सांगितलं, मी लहानसं सांगते पण आम्हाला लई महागात पडलं.

आमच्या बचत गटाचा मसाला अन् पापडाचा धंदा आहे. सगळं एकाच मेलवर, ऑर्डरी पण त्याच्यावर, पाकिटांचे फोटो पण, अन् माझ्या मोबाईलचं व्हॉट्सअॅप बॅकअप पण. दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका दुकानदाराचा फोन आला, ताई तीन मेल पाठवले तिन्ही परत आले, तुम्ही धंदा बंद केला का? जागा भरली होती. भरली म्हणून लाल अक्षरात येत होतं पण आम्हाला वाटलं जाहिरात असंल. चूक आमचीच, बघितलंच नाही. त्या आठ दिवसात किती ऑर्डरी गेल्या ते मोजायला पण मार्ग नाही.

रिपेअरवाला (नांदेड)

ताईंचं अगदी बरोबर. गुगलचे फुकटचे १५ जीबी हे ड्राईव्हला वेगळे, मेलला वेगळे असं काही नसतं, ड्राईव्ह, जीमेल अन् फोटो तिन्हीला मिळून १५. जून २०२१ पासून नवीन फोटो पण त्यातच मोजतात. वनड्राईव्ह फुकटात ५ देतं, ड्रॉपबॉक्स २. अन् आता नवीन लॅपटॉप घेतला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट आपोआप वनड्राईव्हमध्ये जोडलेलं असतं, लोकांना माहीतच नसतं. माझ्याकडं गिऱ्हाईक येतं अन् म्हणतं डेस्कटॉपवरनं फाईल काढून टाकली फक्त, क्लाउडला तर असंल ना? नसते ओ. तिथनं पण जाते.

पूर्णाकाठचा दादा, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हेच आहे. सिंक म्हणजे बॅकअप नाही. सिंक म्हणजे आरसा, इकडं तुम्ही पुसलं की तिकडं पण पुसलं. पुसलेलं ड्राईव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं, मग कायमचं जातं. मुनीमानं जूनमध्ये चुकून काढलेला फोल्डर तुम्हाला ऑक्टोबरात आठवला तर कुठनं आणणार?

दुसरं म्हणजे रॅन्समवेअर, फाईली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं होतं तवा सगळीकडं बोंबाबोंब झाली होती, आता बोंब होत नाही पण प्रकार बंद झालेले नाहीत. मागच्या हंगामात आमच्याकडं एका जिनिंगचा कॉम्प्युटर आला. मेलवर बिल म्हणून आलेली फाईल पोरानं उघडली, तासाभरात सगळ्या फाईलींची शेपटं बदलली, एक पण उघडेना. सिंक चालू होतं, क्लाउडवरच्या पण तशाच झाल्या. मागं जोडून ठेवलेली एक्स्टर्नल हार्ड डिस्क, ती पण गेली. वाचलं कशानं? क्लाउडवाले फाईलीचं आधीचं रूप काही दिवस सांभाळून ठेवतात, ड्राईव्हवर साधारण ३० दिवस. त्यातनं एकेक फाईल मागं नेत बसलो, पाच दिवस गेले. मालक शेजारी खुर्ची टाकून बसून राहायचा, चहा पण घेत नव्हता.

त्याच्यामुळं मी सगळ्यांना एकच सांगतो, तीन-दोन-एक. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, त्यातली एक दुकानाच्या बाहेर. बाहेरची ती क्लाउड. अन् हार्ड डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात, जोडून ठेवायची नाही.

बाकी मावसभावाला सांगा, पाण्यात गेलेली डिस्क वाळवायची पण नाही अन् चालू तर करायचीच नाही. वाळली की आतला गाळ ताटलीवर घट्ट बसतो. ओली आहे तशीच पिशवीत बांधून रिकव्हरीवाल्याकडं न्यायची.

हळदबाजार (वसमत)

सगळ्यांचं वाचलं. माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आपला धंदा विश्वासावर चालतो. कोण किती उचल घेऊन बसलंय, कुणाची पट्टी थांबलीय, हे गावात कळलं तर माणसाची अब्रू जाते. ते परक्याच्या कॉम्प्युटरवर का ठेवायचं? अन् तिथं तरी काय गॅरंटी? त्याच सप्टेंबरात, २६ तारखेला, दक्षिण कोरियात देजॉनला सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळं आग लागली, तिथल्या सरकारी नोकरांचं जी-ड्राईव्ह जळालं, ८५८ टेराबाइट, दुसरीकडं प्रतच नव्हती. सरकारचं असं होतं तर आपलं काय घेऊन बसलात. मी दोन हार्ड डिस्क ठेवतो, एक दुकानात एक घरी. बास.

रिपेअरवाला (नांदेड)

मामा, तुमचं म्हणणं मी सोडून देणार नाही, अर्धं बरोबरच आहे. पण कोरियाचं उदाहरण तुमच्यापेक्षा माझ्याच बाजूनं जातं. ते बुडाले ते क्लाउडवर होतं म्हणून नाही, एकाच जागी होतं म्हणून. तुमचं दुकान अन् घर किती लांब आहे? वसमतला एकाच गल्लीत असंल तर एका पुरात, एका आगीत दोन्ही डिस्का जाणार.

अब्रूचं मात्र शंभर टक्के खरं आहे. त्याला उपाय म्हणजे वर चढवायच्या आधीच कुलूप लावायचं. सेव्हन-झिपमध्ये पासवर्ड टाकून बॅकअपची फाईल बांधली तर ती एईएस-२५६ नावाच्या पक्क्या कुलपानं बंद होते, ती मग ड्राईव्हवर पडली काय अन् कुणाच्या हातात पडली काय, पासवर्डशिवाय नुसता कचरा. रोजचं करायला जड वाटलं तर क्रिप्टोमेटर म्हणून फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते फोल्डरच कुलूपबंद ठेवतं. पासवर्ड मात्र मालकाचं नाव अन् गाडीचा नंबर असला नको.

हळदबाजार (वसमत)

घर दुकानाच्या वरच आहे. हे ध्यानात नव्हतं आलं.

वाळूजचा वर्कशॉप

मी छत्रपती संभाजीनगरला वाळूजमध्ये छोटं जॉबवर्क करतो, आठ माणसं. माझा अनुभव लिंकचा आहे. ड्रॉइंग पाठवायला सोपं पडतं म्हणून आम्ही पूर्ण फोल्डरच 'लिंक असलेलं कुणीही' असा उघडा करून व्हॉट्सअॅपवर टाकायचो. दोन वर्षांनी एका नवीन पार्टीनं मला माझाच रेट दाखवला, दुसऱ्याला दिलेला. कोटेशन त्याच फोल्डरात होती. लिंक कुणी कुणाला फॉरवर्ड केली याचा पत्ताच नाही, अन् लिंक उघडणाऱ्याला काही ओळख दाखवावी लागत नाही. त्या दिवशी रात्री मी एकेक फोल्डर उघडून शेअरिंग बघत बसलो, एकतीस निघाले उघडे. आता आम्ही समोरच्याचा मेल आयडी घालूनच शेअर करतो अन् काम झालं की काढतो. बघणाऱ्याला नुसतं बघायचा हक्क, डाउनलोड अन् प्रिंट बंद करायची सोय पण तिथंच सेटिंगला आहे.

पुतण्याच्या खात्यावर सगळं ठेवलंय म्हणता, ते आधी सोडवा दादा. ड्राईव्हवर ज्याच्या खात्यानं फाईल चढवली तो तिचा मालक. तुम्हाला शेअर केलेली असली तरी त्यानं खातं बंद केलं की गेली. अन् तो नवीन मेल वापरायला लागला, जुन्याकडं दोन वर्षं बघितलंच नाही, तर गुगल असं पडीक खातं काढून टाकू शकतं, डिसेंबर २०२३ पासून त्यांनी ते सुरू केलंय. आम्ही पैसे भरून गुगलचं वर्कस्पेस (धंद्यासाठीची खाती) घेतलं, त्यात खाती कंपनीची असतात, माणूस सोडून गेला तर त्याच्या फाईली दुसऱ्याच्या नावावर करता येतात. दोघा-तिघांच्या दुकानाला एवढं लागतंच असं नाही, पण खातं दुकानाच्या नावाचं अन् किल्ली मालकाकडं, इतकं तरी पाहिजेच.

पूर्णाकाठचा

सगळ्यांचे लई आभार. दोन गोष्टी विचारायच्यात. दुकानाचं नवीन खातं काढलं तर ओटीपी कुणाच्या नंबरावर घ्यावा? मुनीमकाका दुकानात असतात, मी निम्मा वेळ मोंढ्यात. अन् शेतकऱ्यांचे आधारचे फोटो ठेवावेत का नाही? खताला मशीनवर अंगठा लागतोच, पण लोक येताना झेरॉक्स आणतातच अन् आपण ठेवून घेतो.

खतावणी (लातूर)

नंबर तुमचा, मालकाचा. मुनीमकाकांचं वेगळं खातं काढा अन् त्यांना फक्त बॅकअपचा फोल्डर शेअर करा. टू-स्टेप (पासवर्डनंतर ओटीपी) लावलं की गुगल आठ आकडी दहा बॅकअप कोड देतं, ते प्रिंट काढून दुकानाच्या कागदपत्रांसोबत ठेवा, मोबाईल हरवला, सिम बंद पडलं तरी आत जाता येतं. एक कोड एकदाच चालतो. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेचा म्हणून फोन आला तरी नाही. फसवणूक झालीच तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन.

आधारचं मला मनापासून सांगायचंय. तो शेतकरी भरवशानं कागद देऊन जातो, त्याला माहीत पण नसतं तो कुठं कुठं फिरतोय. ज्याची गरज नाही ते ठेवूच नका. जिथं लागतंच तिथं मास्क्ड आधार घ्या, शेवटचे चारच आकडे दिसतात, आधारवाल्या यूआयडीएआयच्या साईटवरनं निघतं. आता २०२३ चा डीपीडीपी (लोकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा) कायदा आलेला आहे, लोकांची माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत लिहिलेला आहे. आपल्यासारख्याला तेवढा होईल असं मी म्हणत नाही, पण जबाबदारी आपली आहे हे त्यात स्पष्ट आहे.

बिलं, हिशेब मात्र काढू नका. जीएसटीत वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवायचे असतात. अन् इथं कुणाची प्रायव्हेट लिमिटेड असंल तर ऑगस्ट २०२२ पासून नियम अजून कडक आहे, हिशेबाचा बॅकअप रोजच्या रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर. दुकानदारीला, भागीदारीला तो लागू नाही.

एक राहिलं. बॅकअप घेतला म्हणजे झालं असं समजू नका. रिस्टोअर करून बघा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर, वेगळ्या फोल्डरात, चालू डेटावर नाही, नाहीतर जुना डेटा नव्यावर बसंल. शेवटची एन्ट्री कोणत्या तारखेची आहे ते बघा.

पूर्णाकाठचा

आज तीन आठवड्यांनी लिहायलो. जे झालं ते सांगतोच.

खतावणीताईंच्या सांगण्यावरनं आधी जुनाच पेनड्राईव्ह तपासायचं ठरवलं. बायकोच्या लॅपटॉपवर टॅली टाकली, पेनड्राईव्हमधला फोल्डर दाखवला. कंपनी उघडली, नाव आलं, मुनीमकाका म्हणले बघा, आहे की सगळं. डे बुक (रोजच्या एन्ट्र्यांची यादी) उघडलं. शेवटची एन्ट्री १४ मेची.

आम्ही दोघं बघतच राहिलो. मे महिन्यात टॅली नवीन व्हर्जनला नेली होती तवा इंजिनिअरनं डेटा नवीन फोल्डरात घेतला, जुना तसाच राहू दिला. अन् काका बिचारे दर शनिवारी न चुकता तोच जुना फोल्डर पेनड्राईव्हवर घेत होते. पाच महिने. अख्खा खरीप, बियाण्याची उधारी, सोयाबीनच्या पट्ट्या, काहीच त्यात नव्हतं. काकांच्या डोळ्यात पाणी आलं. मी त्यांना म्हणलं काका तुमची चूक नाही, एकदा तरी उघडून बघणं माझं काम होतं. एकोणतीस वर्षं झाली त्यांना आमच्याकडं, वडलांच्या काळात खतावणी त्यांच्याच हातची.

मग सगळं नव्यानं लावलं. दुकानाच्या नावाचं खातं, नंबर माझा, कोडांचा कागद तिजोरीत खरेदीखताच्या फाईलीत. रोज दुकान बंद करताना टॅलीतून बॅकअप, त्याला सेव्हन-झिपचा पासवर्ड, मग ड्राईव्ह. फाईल वीसेक एमबीची होते, आमच्या इथल्या नेटवर पण दोन-चार मिनटात चढते, लाईट गेली तर मोबाईलचं हॉटस्पॉट. शनिवारी हार्ड डिस्कवर एक प्रत, ती डिस्क सेलूला बहिणीकडं राहते, दोन डिस्का आहेत त्या अदलून-बदलून जातात. पुतण्यानं पुण्यावरनं सगळ्या फाईली उतरवून आमच्या खात्यावर दिल्या अन् स्वतःकडच्या काढल्या. चारशेच्या वर आधारचे फोटो निघाले, ते सगळे पुसले, ट्रॅश पण रिकामी केली.

मावसभावाची डिस्क गेलीच, त्यातनं काही निघालं नाही.

रिपेअरवाला (नांदेड)

दादा चांगलं झालं पुराच्या आधी कळलं. झिपचा पासवर्ड पण लिहून ठेवलाय ना कुठं? अन् नुसता कॉम्प्युटरवर नाही?

पूर्णाकाठचा

हो. एक तिजोरीत अन् एक आईकडं, तिच्या पेटीत.

हळदबाजार (वसमत)

मी पण एक डिस्क नांदेडला लेकीकडं पाठवली. क्लाउडचं पोराला विचारून बघतो. रिस्टोअर किती दिवसाला करायलात?

पूर्णाकाठचा

मामा, अमावास्येला आमचा मोंढा बंद असतो. त्या दिवशी काका सकाळी येतात, लॅपटॉपवर उघडतात अन् शेवटच्या एन्ट्रीची तारीख लाल वहीत लिहून खाली सही करतात. आत्तापर्यंत एक सही झालीय.